अनाथ रुग्ण आणि मठधर्म

मठ म्हणजे उपासना, अध्ययन आणि अन्नदान ह्यांचे स्थान, अशी सर्वसामान्य समजूत आहे आणि ती यथार्थच आहे. देवतार्चन खंडित होऊ नये, पाठशाळेतील घोष थांबू नये आणि पंक्तीला आलेला अतिथी विन्मुख जाऊ नये, ह्या तीन गोष्टींची चिंता मठांनी पिढ्यान्‌पिढ्या वाहिली. परंतु दक्षिणेतील जुने शिलालेख वाचू लागले म्हणजे ह्या तीन कर्तव्यांच्या जोडीला एक चौथे कर्तव्य आढळते. ज्याला कोणी नाही अशा रुग्णाला औषध व आसरा देणे, हे ते कर्तव्य होय. आज त्याचे स्मरण फारसे उरलेले नाही. मठाच्या महोत्सवप्रसंगी त्याचा इतिहास न्याहाळणे अप्रस्तुत ठरणार नाही.

कर्नाटकातील शिवमोग्गा जिल्ह्यात, शिकारीपूर तालुक्यात, बळ्ळिगावे नावाचे गाव आहे. आज ते लहानसे खेडे दिसते. पण एके काळी ते बनवासी प्रांताची राजधानी होते. तेथील केदारेश्वराच्या देवालयाला लागून कोडिय मठ नावाचा कालामुख शैवांचा एक विख्यात मठ होता. कलचुरी बिज्जलाच्या राजवटीतील, इ. स. ११६२ चा, एक शिलालेख ह्या मठाचे वर्णन करतो. मठाचे आचार्य त्या वेळी वामशक्ती पंडितदेव होते. ह्या मठात चारही वेदांचे सांग अध्ययन चाले. पाणिनीचे, शाकटायनाचे आणि कौमार अशी व्याकरणे शिकविली जात. न्याय, वैशेषिक, मीमांसा, सांख्य ह्यांबरोबर बौद्ध दर्शनाचेही विवरण होई. पुराणे, धर्मशास्त्र, काव्य, नाटक ह्यांचा अभ्यास होई. दीन, अनाथ, पंगू, अंध, बधिर ह्यांना तेथे अन्न मिळे. आणि ह्याच वर्णनात, त्याच ओघात, हा मठ अनाथ रुग्णजनांच्या रोगांवर औषधोपचार करण्याचे स्थान आहे असे म्हटले आहे. सर्व प्राणिमात्रांना अभय देण्याचे स्थान, असेही त्यास म्हटले आहे.

ह्या लेखाची शब्दरचना ध्यानात घेण्यासारखी आहे. वेदाध्ययनाचे स्थान, शास्त्रव्याख्यानाचे स्थान, अन्नदानाचे स्थान, आणि त्याच शब्दाने रुग्णचिकित्सेचेही स्थान, अशी ती रचना आहे. रुग्णसेवा ही मुख्य कार्यातून उरलेल्या वेळात करावयाची दया नव्हे. जे स्थान वेदाला तेच रुग्णाला, असा तिचा आशय आहे. दया करणारा ती आज करील, उद्या करणार नाही. स्थान एकदा दिले म्हणजे त्यावर बसणाऱ्याला उठविता येत नाही. रुग्णाच्या प्रतिष्ठेचा विचार ह्या एका भेदापाशी येऊन ठेपतो. आणि तो विचार आपल्याकडे किती जुना आहे हे पाहावयाचे तर आयुर्वेदाकडे वळावे लागते.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि रोगी. प्रत्येकाचे चार गुण, असे एकूण सोळा गुण होतात. वैद्याला त्यात प्रमुख स्थान आहे, कारण कुंभारावाचून माती, चाक आणि दोरी ह्यांचा उपयोग नाही. तथापि रोग्यालाही ह्या चौघांत गणले आहे, ही गोष्ट विशेष होय. रोगी हे चिकित्सेचे केवळ क्षेत्र नव्हे. तो तिचा एक पाय आहे. त्याचे जे गुण सांगितले त्यांत आज्ञापालनाबरोबर निर्भयता आणि आपली व्यथा सांगता येणे हेही आहेत. ज्याने निर्भय असावे आणि बोलावे अशी अपेक्षा आहे, त्याला दरडावून गप्प बसविणे हे शास्त्राच्या दृष्टीने चिकित्सेचा एक पाय मोडणेच ठरते.

परिचारकाच्या गुणांत चरकाने परिचर्येचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी अनुराग आणि शुचिता हे चार दिले. सुश्रुताने त्याच परिचारकाचे वर्णन करताना आणखी एक विशेषण योजिले : ‘अजुगुप्सु’. जुगुप्सा म्हणजे किळस. रोग्याच्या शरीराची, त्याच्या मलमूत्राची, त्याच्या व्रणाची ज्याला किळस वाटत नाही, तो अजुगुप्सु. हा शब्द लहान आहे. परंतु रुग्णाच्या मानाचे मर्म त्यात साठविलेले आहे. रोगाने मनुष्य असहाय होतो, आणि त्या असहायतेत त्याला सर्वांत अधिक बोचते ती वेदना नव्हे, तर दुसऱ्याच्या मुद्रेवर उमटलेली किळस. औषध वेदना शमवू शकते. ती मुद्रा केवळ परिचारकच पालटू शकतो.

वैद्याच्या आचाराविषयीही चरक तितकाच दक्ष आहे. विमानस्थानातील आठव्या अध्यायात शिष्याला दीक्षा देताना गुरूने जो उपदेश करावयाचा, त्यात रुग्णाच्या घरात प्रवेश केल्यावर मन, वाणी व बुद्धी केवळ रुग्णाच्या हिताकडे लावावी, त्या घरातील गोष्टी बाहेर बोलू नयेत, आणि आयुष्य सरत आल्याचे कळले तरी जेथे ते सांगितल्याने रुग्णाला किंवा दुसऱ्याला आघात होईल तेथे ते सांगू नये, असे नियम आहेत. ज्याला आज रुग्णाची गोपनीयता म्हणतात, तिचा हा प्राचीन उच्चार होय.

परंतु ह्याच संहितेत एक अडचणही प्रामाणिकपणे नोंदलेली आहे. सूत्रस्थानाच्या पंधराव्या अध्यायात रुग्णासाठी बांधावयाच्या घराचे वर्णन येते. ते भक्कम असावे. वारा अंगावर येऊ नये, पण एका बाजूने हवा खेळावी. धूर, ऊन, पाणी व धूळ आत शिरू नये. शौचकूप, स्नानगृह आणि पाकशाळा जवळ असावी. स्नान घालणे, अंग चेपणे, उठविणे, बसविणे, अंथरूण घालणे ह्यांत निपुण असे प्रेमळ सेवक असावेत. गाणारे आणि कथा-पुराणे सांगणारेही असावेत. वर्णन मनोहर आहे. पण हे सर्व राजासाठी किंवा विपुल द्रव्य असलेल्या पुरुषासाठी आहे, हे आचार्य आरंभीच सांगतात. आणि पुढे म्हणतात की दरिद्री मनुष्यावर प्रसंग आला तर ही सामग्री जमण्याची वाट न पाहता, जे मिळेल त्यावर त्याची चिकित्सा करावी. आचार्यांनी दरिद्र्याला टाकले नाही. परंतु त्याचे अंथरूण कोणी घालावे, हा प्रश्न शास्त्राने तेथेच सोडला. तो सोडविण्याचे काम समाजाकडे, आणि विशेषेकरून ज्यांनी घरदार सोडले होते त्यांच्याकडे आले.

बौद्ध विनयपिटकातील महावग्गात ह्या प्रश्नाला भिडणारी एक कथा आहे. अतिसाराने पीडित झालेला एक भिक्षू आपल्याच मलमूत्रात पडलेला भगवान बुद्धांनी पाहिला. त्याची शुश्रूषा करणारा कोणी नव्हता. कारण विचारता कळले की तो इतर भिक्षूंच्या काही उपयोगाचा नव्हता, म्हणून ते त्याच्याकडे पाहत नसत. बुद्धांनी आनंदाकडून पाणी आणविले, स्वतः त्यावर पाणी घातले, आनंदाने त्याला धुतले, आणि दोघांनी डोक्याकडून व पायांकडून उचलून त्याला मंचकावर निजविले. मग त्यांनी संघाला बोलावून सांगितले की तुम्हांला येथे माता नाही, पिता नाही; तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करील? त्याच प्रकरणात चांगल्या परिचारकाचे गुण सांगितले आहेत. तो लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करणारा असावा, आणि मल, मूत्र, थुंकी, वांती दूर करण्यास किळसणारा नसावा. तेथील पाली शब्द ‘अजेगुच्छी’ आहे. सुश्रुताच्या ‘अजुगुप्सु’चे ते सख्खे भावंड होय. वैद्यांचे शास्त्र आणि भिक्षूंचा नियम, दोन्ही एकाच शब्दावर येऊन मिळतात, हा केवळ योगायोग नव्हे.

सम्राट अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलाशासनात मनुष्यांसाठी व पशूंसाठी चिकित्सेची तजवीज केल्याचे आणि औषधी वनस्पती जेथे नसतील तेथे आणवून लावल्याचे नमूद केले आहे. त्या शासनात रुग्णालयाच्या इमारतीचा उल्लेख नाही. पण चिकित्सा हे राजाचे कर्तव्य ठरले, हे खरे. पाचव्या शतकाच्या आरंभी पाटलिपुत्रात आलेल्या फाहियान ह्या चिनी यात्रेकरूने तेथील वैश्य कुटुंबांनी चालविलेल्या औषधगृहांचे वर्णन केले आहे. दरिद्री, अनाथ, पंगू व रोगी तेथे येत. वैद्य त्यांना तपासीत. अन्न व औषध मिळे. आणि बरे वाटले म्हणजे ते आपापल्या वाटेने जात.

दक्षिणेत हे कार्य देवालयांनी आणि मठांनी उचलले. तमिळनाडूत पालार, वेगवती व चेय्यार ह्या तीन नद्यांच्या संगमावर तिरुमुक्कूडल येथे विष्णूचे देवालय आहे. वीरराजेंद्र चोळाच्या कारकिर्दीतील (इ. स. १०६३ ते १०७०) तेथील विस्तृत शिलालेखात देवालयाच्या पाठशाळेसमवेत पंधरा खाटांच्या आतुरशाळेचा तपशील दिला आहे. एक वैद्य, एक शस्त्रक्रिया करणारा, औषधी वनस्पती आणून औषधे सिद्ध करणारे दोन सेवक, दोन परिचारिका, एक न्हावी, एक पाणक्या, अशी माणसे नेमलेली होती. साठ्यात ठेवावयाच्या औषधांत हरीतकीचे कल्प, बिल्वादि घृत, पुराणे तूप इत्यादींची नावे आहेत. आणि ह्या सर्व हिशेबात रात्री जळावयाच्या एका दिव्याच्या तेलाचीही तरतूद आहे. रात्री जाग आलेल्या रोग्याला अंधारात एकटे वाटू नये, ह्याचा खर्च देवाच्या उत्पन्नातून व्हावा, असे ठरविणाऱ्या माणसांना रुग्ण म्हणजे काय हे कळले होते. मात्र ही आतुरशाळा देवालयाशी संबंधित विद्यार्थी व सेवक ह्यांच्यासाठी होती. वाटेने आलेल्या परक्यासाठी नव्हती.

ती मर्यादा ओलांडणारा लेख आंध्रात मिळतो. काकतीय राणी रुद्रमदेवीच्या राज्यकाळात, इ. स. १२६१ मध्ये, गोळकी मठाचे आचार्य विश्वेश्वर शंभू ह्यांना कृष्णेच्या दक्षिण तीरावर गावे दान मिळाली. हे आचार्य गौड देशातून आलेले आणि काकतीय गणपतिदेवाचे दीक्षागुरू. मलकापुरम् येथील शिलालेखानुसार त्यांनी त्या उत्पन्नातून देवालय, मठ, पाठशाळा व अन्नसत्र ह्यांच्या जोडीला एक प्रसूतिशाळा आणि एक आरोग्यशाळा चालविण्याची व्यवस्था लावली. वेद, व्याकरण, साहित्य, आगम शिकविणाऱ्या आचार्यांच्या यादीतच वैद्याची नेमणूक आहे. अन्नसत्र ब्राह्मणापासून चांडाळापर्यंत सर्वांस मुक्त असावे, असा आचार्यांचा दंडक होता. संन्यस्त आचार्याने प्रसूतिशाळेची चिंता वाहावी, ही गोष्ट प्रथमदर्शनी नवल वाटण्यासारखी आहे. पण विचार करता ती मठधर्माला धरूनच आहे. ज्याला स्वतःचे घर नाही, त्याने सर्वांच्या घरातील कठीण घटकेचा भार उचलावयाचा असतो. ज्या गावांचे हे दान होते त्यांतील वेलगपूडी येथे २०१६ पासून आंध्र प्रदेश राज्याचे सचिवालय उभे आहे.

स्थान आणि उत्पन्न मिळाले म्हणजे रुग्णाचा मान आपोआप राखला जातो, असे मात्र इतिहास सांगत नाही. ह्याचे उदाहरण गोमंतकातील आहे. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतल्यानंतर तेथे राजाच्या खर्चाने एक रुग्णालय उभे राहिले. पुढे त्याची व्यवस्था जेझुइट पाद्र्यांकडे आली. १६०८ मध्ये पिरार द लाव्हाल नावाचा फ्रेंच प्रवासी बंदिवान व आजारी अशा स्थितीत गोव्यात पोचला आणि त्या रुग्णालयात राहिला. तेथील स्वच्छ अंथरुणे, चांदीची ताटे, वैद्यांच्या वेळच्या वेळी होणाऱ्या फेऱ्या ह्यांचे त्याने मुक्तकंठाने वर्णन केले. हे वैभव पोर्तुगीज सैनिकांसाठी होते. गावच्या रयतेला त्यात वाटा नव्हता. पुढे १६४१ व १६४८ मध्ये गोव्यास आलेल्या ताव्हेर्निए ह्या दुसऱ्या फ्रेंच प्रवाशाने त्याच रुग्णालयाची जी अवस्था वर्णिली ती वाचवत नाही. रोगी घोटभर पाण्यासाठी विनवण्या करीत, आणि सेवक हातावर काही पडल्याशिवाय ते पाणी देत नसत. रुग्णालय तेच होते, नावही तेच होते. चरकाने सांगितलेल्या चार पादांपैकी परिचारकाचा पाद तेवढा ढासळला होता, आणि त्याबरोबर सर्व वास्तू रोग्याच्या दृष्टीने कोसळली होती.

परंपरेच्या गौरवात आणखी एक सत्य झाकून ठेवणे उचित होणार नाही. ज्या समाजाने अजुगुप्सेचा शब्द घडविला, त्याच समाजाने कुष्ठरोग्याला गावाबाहेर घालविले. विनयपिटकातही ज्या रोगांनी पीडित मनुष्याला प्रव्रज्या देऊ नये अशी सूचना आहे, त्यांत कुष्ठ आहे. नॉर्वेतील हानसेन ह्या वैद्याने १८७३ मध्ये ह्या रोगाचे जंतू शोधून काढले, तरी पूर्वजन्मीच्या पापाचे फळ ही समजूत मिटली नाही. १८९८ च्या ब्रिटिश कायद्याने भीक मागणाऱ्या निर्धन कुष्ठरोग्यांना पकडून निराळे ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला. अशा काळात मठांची आणि देवालयांची दारे बहुधा बंदच राहिली. कुष्ठरोगी पायरीच्या खालीच बसला. बळ्ळिगावेच्या लेखातील ‘स्थान’ हा शब्द त्याच्या वाट्याला आला नाही.

हे स्थान त्याला पुन्हा मिळाल्याची एक हकीकत विदर्भात घडली. तिचा संबंध संस्कृत विद्येशी आहे म्हणून ती येथे विशेष स्मरणीय होय. दत्तात्रेय परचुरे शास्त्री हे संस्कृतचे व्युत्पन्न पंडित. सत्याग्रहात तुरुंगवास भोगीत असता त्यांना कुष्ठरोग जडलेला होता. १९३२ मध्ये येरवड्यास महात्मा गांधी व शास्त्रीजी दोघेही बंदिवान होते. परंतु रोगामुळे शास्त्रीजींना निराळे ठेवलेले असल्याने भेट झाली नाही, पत्रव्यवहार तेवढा झाला. १९३९ मध्ये हे शास्त्रीजी सेवाग्रामच्या आश्रमात येऊन उभे राहिले. गांधीजींनी त्यांना ठेवून घेतले. त्यांच्यासाठी आश्रमातच झोपडी बांधून देण्यात आली, आणि गांधीजी त्यांचे व्रण पाहत, स्वहस्ते त्यांचे अंग चोळीत.

ह्या प्रसंगाला चाळीस वर्षांमागची एक बाजू आहे. दक्षिण आफ्रिकेत दरबान येथे असताना गांधीजींच्या दारी एक कुष्ठरोगी आला होता. त्यांनी त्याला आसरा दिला, जखमा धुतल्या. पण कायमचे ठेवून घेण्याचे बळ आपल्यात नव्हते, म्हणून आपण त्याला गिरमिट्यांच्या सरकारी इस्पितळात पाठविले, असे त्यांनी आत्मकथेत कबूल केले आहे. म्हणजे अजुगुप्सा ही कोणाला जन्मतः लाभत नाही. ती अभ्यासाने साध्य होते, आणि कधी कधी त्या अभ्यासाला अर्धे आयुष्य लागते. दरबानच्या दारात जे देता आले नाही, ते सेवाग्रामच्या झोपडीत दिले गेले. अंग चोळून शास्त्रीजींचा रोग बरा झाला नाही; त्या काळी त्यावर खात्रीचे औषधही नव्हते. वर्ध्याजवळच्या दत्तपूर येथे मनोहरजी दिवाण ह्यांनी १९३६ मध्ये स्थापिलेल्या कुष्ठधामात १९४५ मध्ये शास्त्रीजींनी देह ठेवला. पण अखेरपर्यंत त्यांचा उल्लेख ‘परचुरे शास्त्री’ असाच होत राहिला. रोगाने त्यांचे शरीर झिजविले. त्यांची विद्या आणि त्यांचे नाव मात्र कोणी नेले नाही. रुग्णाचा मान राखणे म्हणजे दुसरे काय असते?

पुढे औषधे निघाली. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली आणि कुष्ठरोग पूर्ण बरा होऊ लागला. १८९८ चा तो कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. २०१८ मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने रुग्णांच्या हक्कांची सनद तयार केली. तीत माहिती मिळण्याचा, गोपनीयतेचा आणि मानवी प्रतिष्ठेचा हक्क नमूद आहे. हे सर्व इष्टच आहे. तथापि सनद भिंतीवर लावता येते, अजुगुप्सा भिंतीवर लावता येत नाही. रात्रीच्या वेळी ज्याच्या अंथरुणाची चादर बदलावी लागते तो वृद्ध, आणि ती बदलणारी परिचारिका, ह्या दोघांच्या मधल्या क्षणी कोणतेही कलम उपस्थित नसते. तेथे असतो तो केवळ तिचा चेहरा. तिला पुरेसा पगार, पुरेशी विश्रांती आणि तिच्या कामाला समाजाचा आदर मिळाला, तर तो चेहरा प्रसन्न राहण्याचा संभव अधिक. परिचारिकेचे काम हलके मानावयाचे आणि परिचर्या मात्र उच्च प्रतीची मागावयाची, हा विसंवाद आपल्या घराघरांत आहे. तिरुमुक्कूडलच्या लेखाने वैद्याबरोबर परिचारिकेचे व पाणक्याचे वेतनही दगडावर कोरून ठेवले, त्यात ह्या विसंवादाला उत्तर आहे.

मठाच्या महोत्सवात शिखरांची, पालख्यांची आणि ग्रंथसंपदेची गणना होईल, आणि ती व्हावयास हवी. ह्या गणनेत बळ्ळिगावेचा तो लेख एका ओळीची भर घालतो. त्याच्या काळात मठाची कीर्ती सांगताना, किती विद्यार्थी शिकले ह्याबरोबर अनाथ रोग्याला येथे औषध मिळते हेही अभिमानाने सांगण्यासारखे वाटत होते. कोडिय मठातील अध्ययन केव्हाच थांबले. आचार्यपरंपरा लुप्त झाली. केदारेश्वराचे देवालय आणि तो दगड मात्र अद्याप उभे आहेत. त्या दगडावर वेदाचे स्थान आणि रुग्णाचे स्थान अजूनही शेजारी शेजारी कोरलेले आहे. जिवंत मठांनी ती दोन्ही स्थाने तशीच शेजारी ठेवली, तर त्यांचा उत्सव सार्थ होईल.